पाचवी चौकट

माझ्या कामाची सुरुवात रोज एका आगाऊ खिडकीने होते. खिडकी म्हणजे स्क्रीनवरची. सर्किट काढून झालं, सगळे भाग जोडून झाले, की सॉफ्टवेअर विचारतं, आता याला सिग्नल कुठला देऊ? आणि एक यादी उघडतं. साईन, पल्स, हळूहळू चढणारा, हळूहळू उतरणारा, आणि सगळ्यांत शेवटी तक्ता, ज्यात कुठल्या क्षणाला किती व्होल्ट हे आपणच एकेक करून भरत बसायचं. साईन, म्हणजे एकसारखी वर-खाली होणारी गुळगुळीत लाट, निवडली की पाच चौकटी समोर येतात. लाट शून्यापासून किती वर बसवायची, उंची किती, सेकंदाला किती वेळा हलायचं, सुरू किती उशिराने व्हायचं, आणि पाचवी, किती वेगाने विझत जायचं. पहिल्या चार मी झोपेतही भरेन. पाचवी मी कधीच भरली नव्हती. आमच्या खोलीत कुणीच भरत नाही. रिकामी ठेवली की सॉफ्टवेअर तिथे शून्य धरतं आणि लाट तेवढीच उंच, न थकता, कायमची चालत राहते. सोयीचं असतं ते.

या रिकाम्या चौकटीने माझ्या माहेरी जो गोंधळ घातला, त्याने मला नको नको झालं होतं.

आमची कंपनी कानाची मशीन बनवते. कानाच्या मशीनचा जुना रोग म्हणजे शिट्टी. आतला मोठा झालेला आवाज कानातून बाहेर गळतो, परत माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो, पुन्हा गळतो, आणि बघता बघता कुईं करून अशी शिट्टी वाजते की शेजारच्या माणसानेही दचकावं. गिऱ्हाइकांच्या तक्रारींनी साहेबांचं डोकं उठलं होतं. त्यांनी मला शिट्टी दाबून टाकणारं सर्किट करायला सांगितलं आणि वर बजावलं की एकही शिट्टी सुटता कामा नये, बारीक नाही, जाड नाही. मी केलं. एकसुरी, न बदलणारा आवाज आला की सर्किट क्षणभर बघणार, आणि ही शिट्टीच आहे असं ठरवून तेवढा सूर गिळून टाकणार. तपासायला साईन होतीच. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सगळ्या साईन लाटा मी त्याच्या तोंडी दिल्या आणि त्याने एकूण एक खाल्ल्या. शेवटी आलेख सपाट. साहेबांनी तो आलेख बैठकीत मोठा करून दाखवला. पहिल्या खेपेतली एक जोडी मी माझ्या हाताने बाबांच्या कानात घातली.

बाबा पियानो लावतात. वाजवत नाहीत, लावतात. हा फरक ते भेटेल त्याला सांगतात. तारा पिळायची किल्ली, दोन तारा गप्प करून तिसरी ऐकायला लागणाऱ्या फेल्टच्या पाचरी आणि एक नादकाटा, एवढा त्यांचा संसार एका चामड्याच्या पिशवीत असतो. नादकाटा गुडघ्यावर आपटायचा, कानाशी धरायचा, त्याच्याशी एक तार जुळवायची आणि मग त्या एका तारेवरून बाकीचा सगळा पियानो. सुरुवात काट्याशिवाय नाही. मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप असतं हे मी त्यांना एकदाच सांगितलं. आकडा बघून लावायचा तर मग मी कशाला हवा, तुमचा मोबाईलच पाठवा, असं म्हणून त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता.

लहानपणी तो काटा आमचं खेळणं होतं. बाबा काटा आपटून त्याचं टोक जेवणाच्या टेबलावर टेकवायचे. सगळं टेबल गुणगुणायला लागायचं. आम्ही दोघं समोरासमोर बसून ऐकायचो. आवाज संपला की हात वर करायचा. ज्याचा हात नंतर वर तो जिंकला. कायम तेच जिंकायचे. पुढे मी कॉलेजात असताना कधीतरी त्यांचा चेहरा आधी रिकामा व्हायला लागला. मला आवाज अजून येत असायचा. पण त्यांचा हात हलायच्या आत मी माझा वर करायचे आणि म्हणायचे, संपला. त्यांना पत्ता लागला नाही असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

मशीन लावल्यावर पहिले काही दिवस मजेत गेले. म्हणजे त्यांचे. आई स्वयंपाकघरात स्वतःशी जे पुटपुटते ते त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं आणि त्यावरून रीतसर भांडण झालं. दाराची कडी, पंख्याची कुरकुर, जिन्यावरची पावलं, सगळ्याबद्दल मला फोन. मी कामात असले तरी उचलायचे. मुलीच्या हातचं काही बापाच्या कानी लागलं, याचा मला गर्व झाला होता हे कबूल करायला हवं.

मग एके दिवशी फोन आला की काटा मेला.

काटा मरत नाही. तो पोलादाचा एक तुकडा आहे. हे मी तीन प्रकारे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाजारात जाऊन नवा काटा आणला. तोही मेलेला निघाला. दुकानदाराशी हुज्जत घालून तो बदलून आणला. तिसराही मेलेला. दुकानदाराने स्वतःच्या कानाशी धरून, साहेब, वाजतोय की चांगला, म्हटलं तेव्हा बाबा तसेच घरी आले. हे मला आईकडून कळलं. त्यानंतर त्यांनी काट्याचं नाव काढणं सोडलं, मशीनबद्दल बोलणं सोडलं, आणि मी विचारलं की सगळं ठीक आहे म्हणायला लागले. आमच्या घरात सगळं ठीक आहे हे वाक्य फक्त काहीच ठीक नसतं तेव्हा वापरतात.

मी मात्र ऑफिसात दुसऱ्याच सर्किटशी झटापट करत होते आणि बाबांचा हट्ट म्हणून ते सोडून दिलं होतं. आईचा फोन आला तेव्हा समोर सिम्युलेशन, म्हणजे सर्किटची पडद्यावरची चाचणी, अडकलेलं होतं, म्हणून मी आधीच वैतागलेली.

संगीतशाळेच्या सभागृहातला मोठा पियानो वार्षिक कार्यक्रमाआधी दरवर्षी बाबाच लावतात. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला आणि बाबांनी त्यांना नाही म्हणून सांगितलं. वर हातोड्याचं नाव सुचवलं. हातोड्या म्हणजे गावातला दुसरा पियानो लावणारा. हे नाव बाबांनीच ठेवलेलं, कारण तो पट्ट्या बोटांनी नाही तर हातोडीने बडवल्यासारख्या बडवतो असं त्यांचं म्हणणं. हातोड्याने हात लावलेला पियानो पुन्हा लावायचा तर बाबा दुप्पट वेळ घ्यायचे आणि तो सगळा वेळ त्याच्या नावाने बोटं मोडायचे. त्या हातोड्याला त्यांनी रविवारी दुपारी घरी बोलावलं होतं. पिशवी द्यायला. किल्ली, पाचरी, काटा, सगळी.

"ते म्हणतात, बाकी सगळं ऐकू येतं, नेमका तोच एक सूर गेला," आई म्हणाली. "ज्याच्यावर पोट भरलं तोच गेला, तर आता बाकीचे घेऊन काय करू, म्हणतात. तू काहीतरी कर. तूच ते कानात घातलंस."

मी संध्याकाळी तडक घरी गेले. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडापुढे धरून बसले होते. मी सरळ विषयाला हात घातला, तर म्हणाले वय झालं, दुसरं काही नाही. मी म्हटलं, वयाने एकच सूर जात नाही, गेले तर वरचे सगळे जातात. ते म्हणाले, तुझ्या पुस्तकात नसेल जात, माझ्या कानात गेला. मी म्हटलं, दाखवा. दाखवायला काय आहे, म्हणाले, ज्याचं नाही ते कसं दाखवू. मशीन काढून ऐका म्हटलं, तर म्हणाले, त्याशिवाय तर आता काहीच धड येत नाही. असं बराच वेळ चाललं. शेवटी आईने पिशवीतून काटा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि आत निघून गेली.

त्यांनी काटा आपटला. खोलीभर सूर पसरला, अगदी स्वच्छ. बाबांनी तो कानाशी धरला, आणि मी त्यांचा चेहरा बघत राहिले. सुरुवातीला काहीतरी उजळलं आणि लगेच विझलं. काटा माझ्या समोर अजून गात होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि परत पेपर उचलला. मला गलबलून आलं, आणि गलबलून आलं की मी चिडते, तशी चिडले.

मशीन तपासायला आमच्याकडे डॉक्टरांच्या नळीसारखी एक नळी असते. ती पर्समध्ये होती. मी त्यांच्या कानातून मशीन काढून घेतलं, नळीला जोडलं, नळी दोन्ही कानांत घट्ट घातली आणि त्यांना काटा मशीनजवळ वाजवायला लावला. टण्, असा मोठा सूर आला. क्षणभर टिकला. आणि मग कुणीतरी अलगद गिळून टाकला. पंख्याची कुरकुर येत होती, आईच्या भांड्यांचा आवाज येत होता, तेवढा एक सूर नव्हता.

कोण गिळतंय ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. जगातला सगळ्यांत शुद्ध, एकसुरी आवाज काढणारी वस्तू कुठली, तर नादकाटा. शाळेच्या पुस्तकात साईन लाटेच्या शेजारी त्याचंच चित्र असतं. आणि मी माझ्या सर्किटला शिकवलं होतं की साईन दिसली की खा. बाबांच्या कानातून सूर गेला नव्हता, काटाही बरा होता. मीच मधे एक पहारेकरी बसवला होता आणि त्याला घरच्या माणसाचाच फोटो चोर म्हणून दिला होता. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, मग आता काय? मी काटा आणि मशीनची जोडी घेऊन निघाले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आपल्या गिऱ्हाइकांपैकी नादकाटा ऐकणारे किती? सगळ्या चाचण्या पास झालेल्या मालाला ते हात लावणार नव्हते. तुझ्या वडिलांच्या जोडीत तुला काय करायचं ते तुझ्या जबाबदारीवर कर, पण शिट्टी वाजली तर माझ्याकडे येऊ नकोस, म्हणाले. एवढी मोकळीक पुरेशी होती. वैताग पुढे होता.

मी काट्याचा आवाज रेकॉर्ड केला आणि तो तक्ता म्हणून सॉफ्टवेअरला दिला. खऱ्या आवाजाचा तक्ता म्हणजे लाखो ओळी. सॉफ्टवेअर त्या ओळी मुंगीच्या पावलांनी चघळत बसलं. माझ्या शेजारी जो बसतो त्याला आम्ही चौकोन म्हणतो, कारण तो कुठल्याही सर्किटला चौकोनी पल्सच देतो. दुसरी लाट त्याला माहीतच नाही. त्याने सल्ला दिला की वेळ कमी कर, सुरुवातीचा तुकडाच चालव. मी चालवला. आलेखात काटा छान वाजत होता, सर्किट त्याला धक्काही लावत नव्हतं. चौकोनाने टाळी द्यायला हात पुढे केला. माझे कान सांगत होते सूर मरतो, आलेख सांगत होता मरत नाही, आणि दोन्ही माझेच. मी दुपारभर सर्किटमधला एकेक भाग बदलून पाहिला. कुठल्या तरी भागाची किंमत चुकीची भरली असणार म्हणून सगळं मुळापासून तपासलं. चहा गार झाला, चौकोन घरी गेला, मी सॉफ्टवेअरला, ते लिहिणाऱ्याला आणि त्याच्या घराण्याला मनातल्या मनात यथेच्छ ऐकवलं.

मग लक्षात आलं आणि कपाळावर हात मारला. सर्किट निर्णय घ्यायच्या आधी क्षणभर बघतं. हे मीच ठरवलेलं. आणि आम्ही सिम्युलेशन त्या क्षणाच्या आतच थांबवत होतो. पाहुणा दारात असतानाच फोटो काढायचा आणि म्हणायचं, बघा, याला कुणी हाकललं नाही.

वेळ वाढवली तर तक्त्याने सॉफ्टवेअरच गोठलं. बंद केलं, उघडलं, पुन्हा गोठलं. शेवटी तक्ता फेकून दिला आणि त्या आगाऊ खिडकीत परत साईन निवडली. काट्याच्या सुराची, काट्याच्या उंचीची. पाच चौकटी. चार भरल्या आणि पाचवीपाशी हात थांबला. काटा कायम वाजत नाही. तो विझतो. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं, त्या टेबलापाशी बसून शिकलेलं, आणि इतकी वर्षं मी ज्या लाटा काढत होते त्यांतली एकही विझत नव्हती. मी पाचव्या चौकटीत पहिल्यांदा आकडा भरला. पडद्यावर लाट आली, डावीकडे उंच, उजवीकडे बारीक होत गेलेली, आणि मधेच सर्किटने ती कापलेली. ते बघून मला रडू आलं, रागाने का कशाने ते सांगता येणार नाही.

पुढचं सोपं होतं, म्हणजे रागाच्या भरात सोपं वाटलं. शिट्टी कधी विझत नाही. ती स्वतःलाच खाऊन वाढते, आणि वाढून झाली की तेवढीच राहते. काटा मात्र पहिल्या क्षणापासून कमीच होत जातो. म्हणजे सर्किटला नुसतं सूर एकच आहे का एवढं विचारून चालणार नव्हतं. तो वाढतोय का विझतोय हेही विचारायला हवं होतं. जो आपणहून विझतोय त्याला मारायची गरज काय? एक छोटी तुलना वाढवली. क्षणापूर्वीची उंची आणि आताची उंची. आताची कमी असेल तर गप्प बसायचं. मग तीन लाटा दिल्या. विझणारी सर्किटने सोडली. तेवढीच राहणारी खाल्ली. वाढणारी लाट देण्यासाठी पाचव्या चौकटीत उणे आकडा भरला. वाटलं सॉफ्टवेअर कुरकुर करेल, पण त्याने मुकाट्याने फुगत जाणारी लाट काढून दिली, आणि सर्किटने तीही खाल्ली. चौकोनाला दाखवलं तर म्हणाला, ही चौकट इथे आधीपासून होती?

सगळं बाबांच्या जोडीत भरून, ते मशीन बंद डब्यात शिट्टी वाजवतं का ते पुन्हा पुन्हा तपासून, मी रविवारी घरी पोचले. पिशवी बाहेरच्या खोलीत टेबलावर पुसून ठेवलेली होती. बाबांनी चामड्याला पॉलिश केलं होतं. आपल्या शत्रूला द्यायची वस्तू माणूस इतकी चकचकीत करतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मशीन घालायला ते तयार होईनात. पुन्हा तेच होईल, पुन्हा तोंडात मारून घ्यायची हौस नाही, म्हणाले. मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. आईने दारातूनच सांगितलं, "अहो, पोरगी इतक्या लांबून आली आहे. घाला कानात आणि मोकळे व्हा." तेव्हा त्यांनी घातलं.

मी माझ्या पर्समधून काटा काढून दिला. त्यांनी तो गुडघ्यावर आपटला आणि कानाशी न धरता टेबलावर टेकवला. टेबल गुणगुणायला लागलं. आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो उजळला, आणि मी मनात सर्किटचा तो क्षण मोजला, जिथे सूर गिळला जायचा. तो क्षण गेला. चेहरा तसाच होता. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते टेबलाकडेच बघत होते. आई दारात हात पुसत उभी होती, तिने हात पुसणंही थांबवलं.

सूर बारीक होत गेला. अगदी पाचव्या चौकटीत लिहावा तसा, न अडखळता. बारीक, आणखी बारीक, मग नाही.

"संपला," मी म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट वर करून मला गप्प केलं. "अजून आहे."

मी थांबले. खोलीत मला पंखा ऐकू येत होता, बाकी काही नाही. ते ऐकतच होते. बऱ्याच वेळाने त्यांनी हात वर केला आणि काटा उचलला.

"दरवेळी तू आधीच संपला म्हणतेस," ते म्हणाले. "मला काय कळत नव्हतं? म्हाताऱ्याला जिंकवायचं म्हणून. आता नको करत जाऊस तसं. आता मला येतं ऐकू."

"नाही बाबा. या वेळी खरंच संपला होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. मशीन आवाज मोठा करतं, म्हणून त्यांना जास्त वेळ ऐकू येणारच, हे मी त्यांना सांगू शकले असते. स्वतःलाही तेच सांगत होते. त्यांनी काटा पुन्हा गुडघ्यावर आपटला, या वेळी उठून माझ्या मागे आले आणि तो माझ्या कानाशी धरला, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे माझा हात आधी वर गेला, त्यांना सूर अजून ऐकू येत होता.

त्यांनी काटा पिशवीत ठेवला, पिशवीचा पट्टा ओढून बंद केला आणि हातोड्याला फोन लावून, तू येऊ नकोस, माझं काम आहे, एवढंच सांगितलं. मग पिशवी खांद्याला लावून दारापाशी गेले आणि तिथून वळून म्हणाले,

"तुमच्या कंपनीत कुणी असेल ना कान तपासणारं? उद्या जाऊन ये. आणि टाळाटाळ करू नकोस, मी करून बघितली आहे."